कारगिल, मँचेस्टर आणि गल्लीतला नळ

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत सगळी कामं थांबायची. ८ जून १९९९ला मात्र उलटंच झालं. पाणी वाहून चाललं होतं आणि घागरी रिकाम्याच होत्या. विश्वचषकात मँचेस्टरला भारत आणि पाकिस्तान खेळत होते. त्याच वेळी कारगिलच्या डोंगरांवर याच दोन देशांच्या तोफा धडधडत होत्या.

त्या उन्हाळ्यात बातम्या ऐकायची एक विचित्र सवय लागली होती. आधी द्रास, बटालिक, मग शहीद जवानांचा आकडा आणि शेवटी क्रीडावृत्त. सगळं एकाच निवेदकाच्या एकाच आवाजात. ते ऐकता ऐकता आम्ही चहा प्यायचो, गॅसचा नंबर लागत नाही म्हणून कुरकुरायचो. माणूस असाच जगतो.

मी तेव्हा तिशीच्या आत होतो. सामन्याआधी कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो, तर रोजच्या ओळखीतला एक जण म्हणाला, “काय शायर, फटाके आणून ठेवले का? ते जिंकल्यावर उडवायला?” सगळे हसले. मीही हसलो. पण चहा काही घशाखाली उतरेना.

घरी अब्बांनी मला अँटेना फिरवायला पत्र्यावर चढवलं. “दिसतंय का आता?” मी वरून ओरडायचो. “मुंग्याच आहेत अजून!” खालून उत्तर यायचं.

भारतानं २२७ धावा केल्या. द्रविडच्या ६१, कप्तान अझरुद्दीनच्या ५९. तीन आठवड्यांपूर्वीच वडील गमावलेल्या सचिननं ४५ केल्या. त्याचे वडील प्रा. रमेश तेंडुलकर मराठीतले कवी, म्हणून मला ते दुःख घरातलंच वाटत होतं. मग व्यंकटेश प्रसादनं २७ धावांत ५ बळी घेतले. पाकिस्तान १८०वर आटोपला. गल्लीत फटाके वाजले. हॉटेलातला तोच गृहस्थ धावत आला आणि त्यानं माझ्या तोंडात पेढा कोंबला. दुपारचं बोलणं तो विसरूनही गेला होता. मी विसरलो नव्हतो.

त्या सामन्याच्या दोनच दिवस आधी, ६ जूनला, तुर्तुकच्या बर्फात राजपुताना रायफल्सच्या ११व्या बटालियनचे कॅप्टन हनीफुद्दीन लढता लढता शहीद झाले होते. त्यांचा देह महिन्याहून अधिक काळ खाली आणता आला नाही. पुढे त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. मला हे नंतर वाचून कळलं. प्रथम वाटलं, त्या दुपारी हे ठाऊक असतं तर त्या माणसाच्या तोंडावर हे नाव फेकलं असतं.

आज वाटतं, ठाऊक नव्हतं तेच बरं झालं. ते युद्ध जुलैअखेर संपलं तेव्हा आपले ५२७ जवान गेले होते. त्यांतलं एक नाव वेगळं काढून चहाच्या टेबलावर माझा दाखला म्हणून ठेवणं, हा त्या नावाचा अपमानच झाला असता. अझरच्या ५९ धावाही माझ्या जामिनासाठी नव्हत्या. त्या संघासाठी होत्या.

इतिहासाच्या पुस्तकात टायगर हिल असेल, ओल्ड ट्रॅफर्डही असेल. हॉटेलातला तो प्रश्न नसेल. पण १९९९चं वर्ष आठवलं की मला आधी तो थंड झालेला चहा आठवतो, आणि लगेच मागून तो पेढाही.