मतपेटी आणि क्षमा

युद्ध सुरू करताना सहसा कोणी प्रजेला विचारीत नाही. पहिली गोळी झाडली जाते तेव्हा शेतकरी शेतात असतो, मुले शाळेत असतात आणि गृहिणी चुलीपाशी असते. युद्ध त्यांच्या दारात न बोलावता येते. तहाचेही पूर्वी असेच असे. राजेरजवाडे तंबूत बसून तह करीत आणि प्रजेला तो दवंडीने कळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र एक निराळी रीत पुढे आली. सरकार आणि बंडखोर यांच्यात झालेला करार जनतेपुढे ठेवायचा आणि ‘होय’ की ‘नाही’ असा तिचा कौल घ्यायचा. या रीतीला सार्वमत म्हणतात.

रीत मोठी न्याय्य वाटते. ज्यांनी सोसले त्यांना अखेर कोणी तरी विचारले, असे समाधान तिच्यात आहे. परंतु इतिहास चाळू लागलो की आम्हांला एक प्रश्न सतावू लागतो. सार्वमतात सोसणाऱ्याचे मत एक असते आणि न सोसणाऱ्याचेही एकच असते. मग शत्रूला क्षमा करावी की नाही, हे मोजणीने कसे ठरावे? उत्तर आयर्लंड, ग्वाटेमाला आणि कोलंबिया या तीन भूमींत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. तिन्ही ठिकाणी मारणारे आणि मरणारे बहुतांशी बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते. म्हणूनही या कहाण्या आपण ख्रिस्ती कुटुंबांनी जाणून घ्याव्यात असे आम्हांला वाटते.

पहिली कहाणी उत्तर आयर्लंडची. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे जो रक्तपात चालला, त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आयर्लंडशी एकीकरण व्हावे असे मानणारे बहुतेक कॅथलिक होते आणि ब्रिटनशी नाते टिकावे असे मानणारे बहुतेक प्रॉटेस्टंट. दोन्हीकडे सशस्त्र टोळ्या होत्या आणि मध्ये ब्रिटिश सैन्य होते. या अंधारात बेलफास्टमधील क्लोनार्ड मठाचे रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू अ‍ॅलेक रीड एक अवघड काम मूकपणे करीत राहिले. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या राजकीय बाजूचे नेते गेरी अ‍ॅडम्स आणि अहिंसावादी कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्यात ते निरोप पोहोचवीत. मार्च १९८८ मध्ये एका अंत्ययात्रेच्या वेळी दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने पकडले व बंडखोरांनी त्यांना गोळ्या घातल्या. फादर रीड त्यांच्या देहांपाशी गुडघे टेकून प्रार्थना करीत असल्याचे छायाचित्र जगभर गाजले. त्या दिवशी त्यांच्याजवळ ह्यूम यांना द्यावयाचे एक पत्र होते. पाकिटावर रक्त लागले होते. त्यांनी पाकीट बदलले आणि पत्र पोहोचते केले.

दहा वर्षांनी, १० एप्रिल १९९८ रोजी, पवित्र शुक्रवारी करार झाला आणि त्या दिवसाचेच नाव त्याला मिळाले. २२ मे १९९८ रोजी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी मतदान झाले. त्यापूर्वी उत्तर आयर्लंडमध्ये कराराची प्रत घरोघर पाठवण्यात आली होती. तेथे ८१ टक्के मतदारांनी मत दिले आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांनी ‘होय’ म्हटले. दक्षिणेकडील प्रजासत्ताकात ‘होय’ म्हणणारे ९४ टक्के होते. त्या प्रजासत्ताकाने उत्तरेवरील आपला घटनात्मक दावाही याच मतदानाने सोडून दिला.

हे यश स्वस्तात मिळालेले नव्हते. युद्धबंदी पाळणाऱ्या गटांच्या कैद्यांना दोन वर्षांच्या आत सोडण्याचे कलम करारात होते. ज्या मातेच्या मुलाला मारले, तिला मारेकरी रस्त्यात पुन्हा भेटणार होता. तिने या कागदावर ‘होय’ कसे लिहावे? अनेकांनी लिहिले नाही आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. करारानंतर चार महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, करार न मानणाऱ्या एका गटाने ओमा गावी बॉम्ब उडवला. त्यात २९ जणांचा बळी गेला. मृतांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते आणि जुळ्या मुलांना जन्म देणार असलेली एक गर्भवती स्त्रीही होती. तरीही करार मोडला नाही. २००५ मध्ये बंडखोरांनी शस्त्रे निकामी केली, तेव्हा साक्षीला फादर रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड होते. २००७ मध्ये कराराचे कडवे विरोधक इयन पेस्ली आणि पूर्वीचे बंडखोर मार्टिन मॅकगिनेस एका सरकारात शेजारी शेजारी बसले.

ज्या महिन्यात बेलफास्टला करार झाला, त्याच महिन्यात ग्वाटेमालात एका बिशपांचा खून झाला. येथूनच दुसरी कहाणी सुरू होते.

ग्वाटेमालात छत्तीस वर्षे यादवी चालली. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के मूळनिवासी माया समाजाचे होते आणि नोंदवलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्क्यांची जबाबदारी शासनाच्या बाजूवर होती. २९ डिसेंबर १९९६ रोजी बंडखोरांशी अखेरचा करार झाला आणि बंदुका थांबल्या. पण सत्य अजून सांगायचे होते. ते काम ख्रिस्तसभेने अंगावर घेतले. बिशप हुआन हेरार्दी यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून हजारो साक्षी नोंदवण्यात आल्या. हे तेच बिशप होते ज्यांना १९८० मध्ये, धर्मगुरूंच्या हत्या होऊ लागल्यावर, किचे हा आपला धर्मप्रांत बंद करावा लागला होता. २४ एप्रिल १९९८ रोजी राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी तो अहवाल लोकांच्या हाती दिला. दोनच दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, त्यांच्या निवासस्थानी डोक्यावर घाव घालून त्यांना ठार करण्यात आले. २००१ मध्ये या प्रकरणी तीन लष्करी माणसांना आणि एका धर्मगुरूलाही शिक्षा झाली. हा शेवटचा तपशील लिहिताना लेखणी अडखळते. पण सत्यासाठी ज्यांनी प्राण दिला त्यांच्या कथेतून सत्य वगळणे योग्य नव्हे.

या पार्श्वभूमीवर १६ मे १९९९ रोजी सार्वमत झाले. युद्ध थांबवावे काय, हा प्रश्न त्यात नव्हता, कारण ते थांबलेच होते. कराराला घटनेत मूळ धरता यावे यासाठीच्या सुधारणांवर मत द्यायचे होते. माया लोकांची ओळख व भाषा यांना मान्यता द्यावी, सैन्याचे काम देशाच्या संरक्षणापुरते ठेवावे, अशा त्या सुधारणा होत्या. पण राजकारण्यांच्या घासाघिशीत त्यांची संख्या पन्नासवर गेली आणि त्या चार प्रश्नांत कोंबल्या गेल्या. कराराला जवळजवळ अडीच वर्षे उलटली होती. वीसहून अधिक मूळनिवासी भाषा बोलणाऱ्या या देशात समजावून सांगण्याचे काम अपुरे झाले. माया लोकांना जादा हक्क मिळाले तर देश दुभंगेल, असा भयाचा प्रचार मात्र जोरात झाला. १९ टक्क्यांहूनही कमी मतदार मतदानाला आले आणि चारही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर मिळाले. माया वस्तीच्या अनेक प्रांतांनी ‘होय’ म्हटले होते. राजधानीच्या ‘नाही’ने त्यांना मागे टाकले. पाचांतले चार घरी बसले आणि त्यांचे घरी बसणेच निर्णायक ठरले.

तिसरी कहाणी कोलंबियाची. तेथे १९६४ पासून ‘फार्क’ ही बंडखोर सेना लढत होती. तिने माणसे पळवून खंडणी घेतली, शेतांत सुरुंग पेरले, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या. तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या खासगी सेनांनी गावेच्या गावे उजाड केली. सरकारी सैनिकांनीही निरपराध तरुणांना मारून बंडखोर म्हणून दाखवले. २००२ ते २००८ या काळातील अशा बळींची संख्या किमान ६,४०२ असल्याचे विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.

चोको या घनदाट अरण्याच्या प्रांतात अत्रातो नदीकाठी बोहाया हा भाग आहे. २ मे २००२ रोजी फार्क आणि खासगी सेना यांच्यात तेथे लढाई जुंपली, तेव्हा सुमारे तीनशे गावकऱ्यांनी चर्चमध्ये आसरा घेतला. फार्कने डागलेला स्फोटक भरलेला गॅसचा सिलिंडर छप्पर फोडून थेट आत पडला. सत्तरहून अधिक माणसे ठार झाली. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. वेदीवरील क्रूसमूर्तीचे हात व पाय तुटले. उरले ते प्रभूचे मुख आणि धड.

२०१२ पासून क्युबातील हवाना येथे वाटाघाटी सुरू झाल्या. २०१४ मध्ये बळी पडलेल्यांचे साठ प्रतिनिधी, बारा-बारांच्या पाच गटांनी, तेथे गेले आणि ज्यांनी छळले त्यांच्यासमोर बसून बोलले. त्यांची निवड करणाऱ्यांत कोलंबियाची बिशप परिषदही होती. डिसेंबर २०१५ मध्ये फार्कचे पुढारी बोहायाला आले आणि त्यांनी तेथील लोकांची क्षमा मागितली. २६ सप्टेंबर २०१६ रोजी कार्ताहेना येथे २९७ पानांच्या करारावर सह्या झाल्या.

कायद्याने सार्वमताची सक्ती नव्हती. राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांनी ते स्वेच्छेने पत्करले. विरोधाचे नेतृत्व माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरिबे यांनी केले. त्यांचे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. घोर गुन्हे कबूल करणाऱ्यांना तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षांची मर्यादित बंधने आणि त्यांच्या पक्षाला संसदेत दहा राखीव जागा, हे अनेक सज्जनांच्या न्यायबुद्धीला पटले नाही. करारातील लिंगभावविषयक तरतुदींमुळे काही ख्रिस्ती गटही बिथरले. बिशप परिषदेने कोणतीही बाजू न घेता, करार समजून घेऊन विवेकाने मत द्या, असे आवाहन केले. २ ऑक्टोबर २०१६ रोजी सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी मत दिले. म्हणजे मतदारांपैकी ३८ टक्केही नव्हते. ‘नाही’चा विजय झाला तो सुमारे ५४ हजार मतांनी, अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने. त्याच दिवशी बोहायाच्या सुमारे ९६ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले होते.

या आकड्यापाशी आम्ही वारंवार थांबतो. ज्यांच्या चर्चचे छप्पर कोसळले, त्यांनी क्षमेच्या बाजूने कौल दिला आणि देशाने तो नाकारला. अर्थात याचे सोपे गणित मांडणे अन्यायाचे होईल. राजधानी बोगोतानेही ‘होय’ म्हटले होते, तर पुष्कळ सोसलेल्या अंतियोकिया प्रांताने ‘नाही’ म्हटले. पोळलेल्या माणसालाही ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच, की बोहायाच्या लोकांना वर्षभर आधी कोणी तरी डोळ्यांत पाहून क्षमा मागितली होती. इतर लक्षावधी मतदारांपर्यंत ती क्षमायाचना केवळ दूरदर्शनच्या पडद्यावरून पोहोचली, आणि किती जणांपर्यंत तीही पोहोचली नाही.

पुढे विरोधकांच्या काही सूचना घेऊन करार सुधारण्यात आला. फार्कने आपली मालमत्ता जाहीर करून बळींच्या भरपाईसाठी द्यावी, ही अट ठळक झाली. २४ नोव्हेंबर २०१६ रोजी नव्या करारावर सह्या झाल्या आणि या वेळी मंजुरी संसदेने दिली. लोकांचा कौल डावलला, अशी टीका झाली व तिच्यात तथ्यही होते. तथापि जून २०१७ अखेर फार्कच्या लढवय्यांनी आपल्या बंदुका संयुक्त राष्ट्रांच्या स्वाधीन केल्या. ८ सप्टेंबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हियाविसेन्सियो येथे बोहायाच्या त्या भग्न क्रूसमूर्तीपुढे प्रार्थना केली. समोर बळी पडलेले होते आणि शस्त्र टाकलेलेही होते. येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्सिस्को दे रू यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन आयोगाने जून २०२२ मध्ये अहवाल दिला आणि १९८५ ते २०१८ या काळातील मृतांचा आकडा साडेचार लाखांवर असल्याचे सांगितले. शांती मात्र अपुरीच राहिली. शस्त्र ठेवलेल्या चारशेहून अधिक जणांची नंतर हत्या झाली आणि काही पुढारी २०१९ मध्ये पुन्हा रानात गेले.

तर या तीन कहाण्यांतून काय घ्यावे? सार्वमत घेणेच चूक, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तर आयर्लंडच्या करारावर ओमाचा बॉम्ब कोसळला, तेव्हा त्याला तारले ते त्या ७१ टक्क्यांनी. पण तो कौल आभाळातून पडला नव्हता. त्यामागे फादर रीड यांच्यासारख्यांचे दहा वर्षांचे जाणेयेणे होते आणि घरोघर पोहोचलेला मजकूर होता. ग्वाटेमालात मजकूर गावापर्यंत पोहोचला नाही आणि सत्य सांगणाऱ्याचा आवाज बंद करण्यात आला. कोलंबियात क्षमायाचना एका गावापर्यंत पोहोचली, देशापर्यंत पोहोचली नाही.

आपल्या ख्रिस्तसभेने समेटाच्या संस्काराला पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: पश्चात्ताप, पापाची कबुली आणि भरपाई. यांतील एकही पायरी मतपेटीत मोजता येत नाही. मतपेटी फार तर एवढे सांगते, की लोक या पायऱ्या चढायला तयार आहेत की नाहीत. चढावे लागते ते एकेकाला, एकेका दारी जाऊन. राष्ट्रांच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितकेच ते बांधावरून वर्षानुवर्षे न बोलणाऱ्या दोन भावांच्या बाबतीतही खरे आहे. गावकीने बहुमताने ठराव केला म्हणून त्यांच्यात समेट होत नाही. एकाला दुसऱ्याच्या ओटीवर जावेच लागते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये, स्फोटानंतर साडेसतरा वर्षांनी, शास्त्रीय तपासणीने ओळख पटवलेले मृतांचे अवशेष बोहायाला परत आणण्यात आले. आप्तांनी आपल्या रीतीप्रमाणे रात्रभर गात जागरण केले आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाने मूठमाती दिली.