खिडकीपाशी उभा नवरदेव

हल्लीच्या लग्नांत एक दृश्य हमखास दिसतं. मुहूर्ताला तासभर असतो, नवरदेव खोलीत तयार होत असतो, आणि फोटोग्राफर आत येऊन पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खोलीतले दिवे बंद. मग नवऱ्या मुलाला खिडकीपाशी उभं करतो आणि म्हणतो, "जरा बाहेर बघा." वडीलधारी माणसं कुरकुरतात, लग्नघरात अंधार कशाला? आम्हीही कुरकुरलो होतो. पण ही नवी टूम नव्हे. तिचा इतिहास कॅमेऱ्याहून जुना आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आइकने १४३४ साली रंगवलेलं एक चित्र आहे. आर्नोल्फिनी या इटालियन व्यापारी घराण्यातला एक पुरुष आणि शेजारी एक स्त्री, दोघं एका खोलीत उभी. डावीकडे खिडकी, तिच्यापाशी संत्री. पुरुष खिडकीच्या बाजूला, स्त्री पलंगाच्या बाजूला. वर झुंबरात एक मेणबत्ती जळते आहे, भर दिवसा! पण उजेडाचं काम सगळं खिडकी करते. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे, त्यात दारातली आणखी दोन माणसं दिसतात. आणि आरशाच्या वर चित्रकाराने लिहून ठेवलंय की यान व्हॅन आइक इथे होता. एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराने १९३४ साली मांडलं की हे चित्र म्हणजे विवाहाची साक्षच. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. लग्न, वाङ्निश्चय की नुसतंच जोडप्याचं चित्र, हा वाद मिटलेला नाही. तो मिटेल तेव्हा मिटो. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वरचं वाक्य. चित्रकार 'मी हे काढलं' म्हणत नाही, 'मी इथे होतो' म्हणतो. लग्नाच्या फोटोकडून आपली अपेक्षा याहून वेगळी असते का?

आता कॅमेरा. या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली. काळोखी खोली, भिंतीला भोक, समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाची उलटी प्रतिमा. जॉन लॉकने माणसाच्या बुद्धीला अशाच बंद खोलीची उपमा दिली. (लायब्निझच्या चिदणूंना खिडक्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांचे फोटो निघण्याची सोय नाही.) ऑगस्ट १८३५ मध्ये टॅल्बटने इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी या आपल्या घरात कागदावर एक चिमुकली निगेटिव्ह मिळवली, आज जपून ठेवलेल्या निगेटिव्हांमधली ती सर्वांत जुनी. तिच्यात काय आहे? घरातली जाळीदार खिडकी. पुढे १८३९ नंतर फोटोचे स्टुडिओ निघाले ते काचेच्या छपराचे किंवा मोठ्या खिडक्यांचे, शक्यतो उत्तरेला तोंड केलेले. उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो, हा युरोपचा नियम. आपल्याकडे तो तसाच्या तसा लागू पडत नाही बरं का! मार्च ते सप्टेंबर सूर्य उत्तरेकडे कलून उगवतो नि मावळतो. मुंबई-पुण्यात तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यही उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन लग्नसराईत, मेमधल्या सकाळी, उत्तरेच्या खिडकीतून ऊन नवरदेवाच्या पांढऱ्या टोपीवर येऊ शकतं. पातळ पडदा सोडावा लागतो.

तेव्हा 'नॅचरल लाइट' या शब्दात नॅचरल किती, हा प्रश्न आम्ही विचारणारच. दिवे घालवायचे, पडदा ओढायचा, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरून सावली हलकी करायची, माणसाला हाताने वळवून उभं करायचं. जुन्या स्टुडिओत तर डोकं हलू नये म्हणून मागे लोखंडी चिमटा असे. निसर्गाचा इथे फक्त उजेड.

महत्त्वाचा फरक दुसराच आहे. तेव्हा माणूस उजेडाकडे जात असे. आमच्या वडिलांचा लग्नाचा फोटो लग्नानंतर दोन दिवसांनी, स्टुडिओत जाऊन, पुन्हा मुंडावळ्या बांधून काढलेला आहे. १८८७ साली मीथे आणि गेडिके या जर्मनांनी मॅग्नेशियमची झगमगणारी पूड केली, १९२९ च्या सुमारास जर्मनीत फ्लॅशचे बल्ब विकायला आले, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. उजेड माणसाच्या मागे धावू लागला. सोय झाली, यात शंका नाही. मंद फिल्मवर माजघरातलं काही उमटलं असतं तर ते फ्लॅशमुळेच. आज कॅमेऱ्याचा सेन्सर थोड्या उजेडातही भागवतो, म्हणून फोटोग्राफर परत खिडकीशी आला.

मधल्या काळात काय हरवलं ते आमच्याच अल्बममध्ये आहे. आमचं लग्न १९७६ चं. वाड्याच्या माडीवर मुंडावळ्या बांधतानाचा फोटो आहे: चेहरा पिठासारखा पांढरा, मागे भिंत, भिंतीवर आमच्याच डोक्याची काळी सावली. खोली नाही. त्या खोलीला पूर्वेकडे गजांची खिडकी होती, सकाळी गजांच्या सावल्या फरशीवरून सरकत दारापर्यंत जायच्या. वाडा पाडून आता वीस वर्षं झाली. खिडकीच्या उजेडात तो फोटो काढला असता तर निदान एक गज तरी आमच्या खांद्यावर पडला असता. मुंडावळ्या सकाळी बांधल्या की दुपारी, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. फोटो काहीच सांगत नाही.