क्ष-किरणांचा हिशेब

कामगार-चळवळीत केस पांढरे केलेल्या माणसाने क्ष-किरणांवर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे व संघटनेच्या कचेरीत अधिक झाले. तेथे एक धडा मात्र पक्का बसला : ज्याचे मोजमाप नाही, त्याचा जाब मागता येत नाही.

राँटगेनने १८९५ साली हे किरण शोधून काढले. त्यांच्या पहिल्या बळींत एक कारागीर होता. एडिसनचा काच फुंकणारा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हा स्वतःचा हात किरणांपुढे धरून नळ्यांची परीक्षा करी. पुढे त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. त्या काळी कातडी किती लाल होते, हेच माप असे. १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत ‘राँटगेन’ हे एकक मान्य झाले व संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समितीही स्थापन झाली. १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये या किरणांच्या बळींचे स्मारक उभे राहिले. त्यावर आरंभी १६९ नावे होती.

एवढ्या बलिदानानंतर काम करणाराच्या छातीवर मोजणीचा बिल्ला आला. पूर्वी एका रुग्णालयातील कामगारांच्या बैठकीत एका तंत्रज्ञाने तो आम्हांस दाखविला व म्हणाला, “माझा हिशेब दर तीन महिन्यांनी येतो. टेबलावर निजणाराचा कोण ठेवतो?” त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांपाशी नव्हते.

रोग्याला कामगाराप्रमाणे ठरीव मर्यादा नसते, कारण किरण त्याच्याच हितासाठी वापरावयाचे असतात. परंतु जुन्या काळी फिल्म हीच साक्षीदार असे. मात्रा जास्त झाली की ती काळी पडे आणि चूक सर्वांना दिसे. डिजिटल पद्धतीत ही साक्ष बुडाली. मात्रा कमी पडली तर चित्र रवाळ दिसते. जास्त झाली तर संगणक उजेड-अंधार सारखा करून चित्र सुरेख देतो. साहजिकच हात हळूहळू जास्तीकडे झुकतो. आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ साली या धोक्यावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

उपाय अवघड नाही. नळीच्या तोंडाशी बसविलेले मापक किरणांची मात्रा व त्यांनी व्यापलेले क्षेत्र यांचा गुणाकार सांगते. यंत्राच्या पडद्यावरचा ‘एक्स्पोजर इंडेक्स’ ग्राहक पाटीवर किती किरण पोचले एवढेच दाखवितो. तो रोग्याच्या अंगावरचा आकडा नव्हे. हे दोन आकडे एक मानणे म्हणजे हजेरीपटालाच पगारपत्रक समजणे होय. अनेक रुग्णालयांतील आकडे गोळा करून त्यांवरून ‘संदर्भ पातळी’ ठरवावी, हा विचार आयोगाने १९९६ साली मांडला. ज्या ठिकाणचा आकडा त्या पातळीच्या सतत वर राहील, तेथे कारण शोधावयाचे. ही शिक्षा नव्हे, तपासणी आहे.

यावरून कोणी भिऊन जाऊ नये. छातीच्या एका साध्या चित्राची मात्रा निसर्गाकडून थोड्या दिवसांत मिळते तेवढीच असते. आवश्यक तपासणी टाळण्यात अधिक धोका आहे. आमचे मागणे एवढेच की, आकडा वहीत चढावा. डॅलीचा हिशेब कोणी ठेवला नाही. टेबलावर मुकाट्याने निजणाऱ्या माणसाचा तरी तो राहावा.