टायपिंगचे दोन दाखले, संगणकाचा एक आणि नोकरी मात्र कंत्राटी

"संगणकाला जात कळत नाही," असे आपले काही मित्र ठामपणे सांगतात. आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारा साहेब गेला, ऑनलाइन परीक्षा आली, गुण पडद्यावर दिसू लागले, म्हणजे आता भेदभाव संपला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दुसरीकडे जुने कार्यकर्ते म्हणतात, की संगणकाने आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या. नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही ही दोन्ही वाक्ये इतक्या वेळा ऐकली, की त्यांचा इतिहास तपासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटले. आमच्या मते दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. संगणक आला त्याच काळात नोकरीची अट बदलली गेली आणि नोकरीचे स्वरूपही बदलले गेले. हा बदल कोणी केला, कधी केला आणि तेव्हा आपण कुठे होतो, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेब यंत्राच्या बाजूने होते

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. आम्ही संगणकाच्या विरोधात लिहीत नाही. 'काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राच्या प्रश्नावर स्वच्छ भूमिका घेतली आहे. यंत्रामुळे झालेल्या वाईट परिणामांचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही. खाजगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला तो दिला. यंत्राचे फायदे मूठभर लोक लाटत असतील तर यंत्र मोडू नका, ते फायदे सर्वांपर्यंत पोचतील अशी रचना करा, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला विचार करायला, शिकायला फुरसत लागते आणि ती यंत्रच देऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांच्या पूर्वजांनी मेलेली ढोरे ओढली, दवंड्या पिटल्या, महारकीच्या नावाखाली फुकट राबले, त्यांना चरख्याचे कौतुक कसे वाटणार?

तेव्हा आपली कसोटी बाबासाहेबांनीच ठरवून दिली आहे. यंत्र आले, पण त्याचा फायदा कोणाकडे गेला?

टाइपरायटरसमोरची खुर्ची

नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. शिकायचे तर उर्दूतून, आणि उच्च शिक्षणाची सोय औरंगाबाद-हैदराबादपलीकडे जवळपास नव्हतीच. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद. १९४४-४५ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि मिलिंदचे वसतिगृह, या दोन आधारांवर मराठवाड्यातील आपली पहिली पदवीधर पिढी उभी राहिली.

या पिढीतले सगळे प्राध्यापक किंवा अधिकारी झाले नाहीत. बहुतेकांच्या वाट्याला कारकुनाची खुर्ची आली. तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद, पाटबंधारे, एसटी. आज कारकून म्हटले की आपण नाक मुरडतो, पण त्या खुर्चीचे मोल ज्याच्या घरात ती आली त्यालाच माहीत. एक पगार म्हणजे गावकुसाबाहेरचे घर सोडून तालुक्याला भाड्याची खोली, दोन भावांचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि म्हातारपणी पेन्शन. चळवळीची वर्गणीसुद्धा याच पगारांतून येत होती.

त्या खुर्चीकडे जाणारा रस्ता टायपिंग इन्स्टिट्यूटमधून जात होता. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. तालुक्याच्या गावी एखाद्या माडीवर ओळीने मांडलेले टाइपरायटर, रिबनच्या शाईने काळी झालेली बोटे, तासावर बदलणाऱ्या बॅचेस. बारावी झाली की 'टायपिंग लावायचे' हे ठरलेले. ही कसोटी कठीण होती, पण तिच्या पलीकडे काय आहे ते निश्चित होते. मंजूर पद, बिंदुनामावली आणि त्यात आपला बिंदू.

दार उघडले तेव्हाच

आता तारखा एकापुढे एक ठेवून पाहा.

महाराष्ट्र सरकारने बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० मध्ये दिल्या. केंद्राने मात्र धर्मांतराची शिक्षा पुढची तीस वर्षे चालू ठेवली. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, गावोगाव शाखा उघडल्या. पण बँक, रेल्वे, आयुर्विमा, पोस्ट या केंद्राच्या नोकऱ्यांत 'बौद्ध' असे लिहिणाऱ्याला अनुसूचित जातीचे आरक्षण नव्हते. ते कायद्याने मिळाले १९९० मध्ये.

१९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. बँकांतील संगणकीकरणावर सी. रंगराजन यांच्या समित्यांनी १९८० च्या दशकातच शिफारशी केल्या होत्या, पण १९८३ च्या करारात कर्मचारी संघटनांनी यंत्रांच्या संख्येवर बंधने घालून घेतली होती. ती बंधने ऑक्टोबर १९९३ च्या करारात बरीच सैल झाली. म्हणजे दार आपल्यासाठी उघडल्यावर तीनच वर्षांत आतल्या खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. पुढे २०००-०१ मध्ये सुमारे एक लाख बँक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले.

त्या काळात मराठवाड्यात काय चालले होते? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे जमीनदोस्त झाली. नोव्हेंबरमध्ये नामांतरासाठी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये आत्मदहन केले. १९७८ मध्ये याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले होते, वस्त्या जळाल्या होत्या. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

नामांतराचा लढा चुकीचा होता असे कोणी या मांडणीतून काढू नये. तो माणूस म्हणून उभे राहण्याचा लढा होता आणि त्याशिवाय पुढचे काहीच शक्य नव्हते. आमचे म्हणणे इतकेच आहे, की जातीयवाद्यांनी आपल्याला विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षे रक्त सांडायला लावले आणि त्याच सोळा वर्षांत कार्यालयाच्या आतली व्यवस्था बदलण्याची तयारी झाली. संघटित कामगारांकडे निदान करार करणाऱ्या युनियन होत्या. ज्यांची नोकरी अजून लागायचीच होती, त्या आपल्या पोरांच्या वतीने त्या टेबलावर कोण बसले होते?

वर्गात आलेला संगणक

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचे केंद्र तालुक्या-तालुक्यात पोचले. लवकरच सरकारी भरतीसाठी हे किंवा तत्सम प्रमाणपत्र आवश्यक ठरले. याचा एक फायदा नाकारता येत नाही. खेड्यातल्या मुलीने माऊसला पहिल्यांदा हात लावला तो या केंद्रांत. पण फी शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. आमच्या पिढीतल्या अनेकांनी सोयाबीनच्या काढणीवर जाऊन, आईच्या बचत गटातून उचल घेऊन ती भरली. मराठी तीस, इंग्रजी चाळीस आणि वर एमएस-सीआयटी. तीन प्रमाणपत्रे लॅमिनेट करून फाइलमध्ये लावली, आणि आम्ही प्रमाणपत्रालाच नोकरी समजून बसलो.

शाळांत काय झाले? केंद्राची शालेय आयसीटी योजना राज्यात टप्प्याटप्प्याने राबवली गेली. संगणक कंत्राटदाराने आणायचे, शिक्षक कंत्राटदाराने नेमायचे आणि मुदत संपली की संगणक शाळेच्या गळ्यात टाकून निघून जायचे, अशी तिची रचना होती. मुदत संपल्यावर संगणक शिक्षक घरी बसले आणि खोल्यांना कुलूप लागले. खडू-फळ्याचा शिक्षक कायम आणि संगणकाचा शिक्षक कंत्राटी, ही विभागणी तिथेच पक्की झाली. महाविद्यालयांतही बीसीए, बीसीएस हे वर्ग बहुतांशी विनाअनुदानित तत्त्वावर निघाले. अनुदानित कला शाखेत आपली मुले, विनाअनुदानित संगणक शाखेत फी परवडणारी मुले. एकाच आवारात दोन वेगळे पाणवठे.

दहावी-बारावीच्या निकालांचा 'लातूर पॅटर्न' उभा राहिला तेव्हा त्याच्या मुळाशी जादा तास आणि पुनःपुन्हा घेतलेल्या लेखी चाचण्या होत्या. हे कष्ट गरिबाचे पोरही करू शकत होते. २०१९ पासून एमएचटी-सीईटी संगणकावर आली. शहरात शिकवणीवाले महिनोन्महिने संगणकावर सराव घेतात. जळकोट किंवा मुखेडच्या आश्रमशाळेतून आलेले पोर मात्र परीक्षेच्या दिवशीच पडद्यासमोर बसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत. संगणकाला जात कळत नसेल, पण संगणक ज्या घरात असतो त्या घराला जात असते.

कार्यालयात आलेला संगणक

२०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आला, पुढे त्याचे आपले सरकार सेवा केंद्र झाले. जन्म-मृत्यूची नोंद, रहिवासी दाखला, नमुना आठ, करवसुली, सगळे संगणकावर. हे काम करणारा संगणक परिचालक गावातलाच, बऱ्याचदा पदवीधर, बऱ्याचदा आपला. पण तो ना ग्रामपंचायतीचा कर्मचारी, ना जिल्हा परिषदेचा. नेमणूक कंपनीमार्फत, मानधन तुटपुंजे आणि तेही महिनोन्महिने थकलेले. आझाद मैदानावर त्यांची किती आंदोलने झाली! काम कायमचे, सरकारी आणि रोजचे, माणूस तेवढा तात्पुरता.

इथेच कळीचा मुद्दा आहे. टाइपरायटरसमोर बसणारा लिपिक हे मंजूर पद होते, म्हणून त्याला आरक्षण होते. संगणकासमोर बसणारा 'डेटा एंट्री ऑपरेटर' ही बाहेरून घेतलेली सेवा आहे, म्हणून तिथे बिंदुनामावली नाही. काम तेच, कीबोर्डही जवळपास तोच. संविधानातले आरक्षण रद्द करायला संसदेत मतदान घ्यावे लागते आणि त्याला रस्त्यावर विरोध होतो. पदाचे नाव बदलायला एक शासन निर्णय पुरतो. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा असाच व्यापक निर्णय काढला. तरुणांनी आवाज उठवल्यावर पुढच्याच महिन्यात तो रद्द करावा लागला. लढले तर मागे हटतात, हे त्यातून दिसले. पण तुकड्यातुकड्याने चालणारे कंत्राटीकरण त्यामुळे थांबलेले नाही.

जी थोडी पदे भरली जातात त्यांचे काय? २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजारांवर पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. सवलत फक्त शंभर रुपयांची!

ओटीपी फडावर, पोर विहारात

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही एक जुना लॅपटॉप घेऊन शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसत होतो. २०१७ पासून शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आली होती. पैसे थेट खात्यात, मधला दलाल गेला, ही कल्पना चांगलीच होती. एक मुलगी सगळी कागदपत्रे नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आली. आधारशी जोडलेला मोबाइल मात्र वडिलांचा, आणि वडील ऊसतोडीला गेलेले. ओटीपी जायचा फडावर. तिथे रेंज नाही, आणि रेंज आली तर फोनला चार्जिंग नाही. तीन दिवस ती रोज येऊन बसली. चौथ्या दिवशी मुकादमाच्या फोनवरून वडिलांनी आकडे सांगितले, तोवर त्या ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा सगळे पहिल्यापासून. अर्ज शेवटी भरला गेला, पण शिष्यवृत्ती येईपर्यंत महाविद्यालयाने तिचा टीसी अडवून ठेवला आणि तिचे वर्ष गेले.

आता काय करायचे

संगणकाने आपल्याला काही दिलेच नाही असे नाही. जयंतीचे पत्रक छापायला प्रेसवाल्याच्या मर्जीची गरज उरली नाही. बाबासाहेबांचे समग्र खंड दुकानात मिळत नव्हते, तेव्हा आपल्या पोरांनी ते मोबाइलवर वाचले. हे यंत्र आपले होऊ शकते.

त्यासाठी आधी मोजणी करा. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा विकासाचा अनुशेष मोजला आणि त्या आकड्यांवर मराठवाड्याचे राजकारण कित्येक वर्षे चालले. पण जिल्हा हे एकक धरल्यामुळे जिल्ह्यातल्या जातीचा अनुशेष त्यात दिसला नाही. तो आपण मोजू. आपल्या तालुक्यातील प्रत्येक कार्यालयात माहितीचा अधिकार वापरा. लिपिकाची मंजूर पदे किती, भरलेली किती, संगणकावर बसणारे कंत्राटी किती, त्यांची नेमणूक कोणत्या नियमाने झाली, त्यात अनुसूचित जातीचे किती? हे पाच प्रश्न पुरेसे आहेत.

दुसरे, आपल्या तालुक्यातील संगणक परिचालकांच्या आंदोलनाला आपले समजा. तो फक्त मानधनाचा झगडा नाही, आरक्षणाचाही आहे. तिसरे, प्रत्येक विहारात एक चालू संगणक आणि तो शिकवणारा एक माणूस असू द्या. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एक जुना संगणक येतो, हे आपल्यालाच आपल्याला सांगावे लागेल.

ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा आली. या वेळी मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा होता.

जय भीम!