देवराष्ट्रेची रमा आणि माझी आजी

माझी आजी कवठे महांकाळची सुईण. रात्री-अपरात्री तिला बाळंतपणाला बोलवायचे, पण चहा मिळायचा उंबऱ्याबाहेर. मी नर्सिंग कॉलेजात प्रसूतिविद्या शिकवते. मला खुर्ची मिळते. मधे काय घडलं ते शोधताना आमच्याच जिल्ह्यातलं देवराष्ट्रे सापडलं.

तिथल्या कुर्लेकरांची मुलगी १८७३ साली महादेव गोविंद रानड्यांची बायको झाली. शाळेत रमाबाई म्हणजे एवढंच, फार तर त्यांचं आठवणींचं पुस्तक. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. त्यांत विधवाही होत्या. सोवळ्यातल्या घरांना रक्त, नाळ, परजातीचा रोगी, सगळ्याचा विटाळ. परक्या पुरुषाची नाडी धरणं तर विचारूच नका. तरी त्या वॉर्डात उभ्या राहिल्या. आमच्या खुर्चीचा एक पाय तिथे आहे, हे मी मानते.

पण एक खटकतं. वरच्या जातीच्या बायका आल्यावर ज्या कामाला मान मिळाला, ते काम आजीसारख्या पिढ्यान्‌पिढ्या करतच होत्या. १९३५ साली मुंबई प्रांतात नर्स आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला. शिकलेल्यांची नावं रजिस्टरात चढली. आजीचं नाही.

यंदा हे सगळं वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅम, आजीला नाळ कापायला कुणी शिकवलं?"

"तिच्या सासूने."

"त्यांचं नाव?"

मला सांगता आलं नाही.