मागील पानावरून पुढे : पणजीचा आराखडा

सरकारी कचेरीत फाइल जीर्ण झाली की आम्ही कारकून मंडळी तिला नवे कव्हर घालतो, पण आतली जुनी टिपणे फेकून देत नाही. पुढच्या साहेबाला निर्णय घ्यायचा तर मागे काय ठरले होते ते दिसायला हवे. शहराच्या आराखड्याचेही तसेच असावे. पणजीचा आराखडा नव्याने करण्याची भाषा निघाली की मला प्रश्न पडतो, या फाइलच्या पहिल्या पानावर काय आहे?

पहिल्या पानावर आहे पाणी!

आज जिथे बाजार, बँका आणि कचेऱ्या आहेत, तिथली बरीच जमीन एकेकाळी मांडवीकाठची दलदल, वाळूचे उंचवटे आणि माडांची बने होती. १६३०च्या दशकात, व्हाइसरॉय कोंद द लिन्यारीश याच्या काळात, पणजी आणि रायबंदर जोडणारा सुमारे ३ किलोमीटरचा जांभ्या दगडाचा बांध उभा राहिला. आजूबाजूला मिठागरे. बांधणाऱ्यांनी तिथे नुसती भिंत घातली नाही, खाली कमानी ठेवल्या. भरतीचे पाणी आत येणार आणि ओहोटीला परत जाणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. आमच्या खाजनांतल्या मानशीही हेच काम करतात. पाण्याला दार ठेवायचे आणि ते वेळेवर उघडायचे.

साथींनी जुने गोवे ओसाड होत गेले. १७५९ साली व्हाइसरॉयने आदिलशहाच्या पणजीतील राजवाड्यात मुक्काम हलवला. पण शहराला शहरपण आले ते १८२७ ते १८३५ या काळात. दों मानुएल द पुर्तुगाल ई काश्त्रु या गव्हर्नरने दलदलीत भराव घातला, उंचवटे सपाट केले आणि सरळ रस्ते आखले. १८४३ साली ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. तेव्हा ‘हरकती व सूचना’ कोण मागवणार? राज्यकर्त्याने आखले, रयतेने माती वाहिली. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९७४ साली नगरनियोजनाचा कायदा आला आणि बाह्यविकास आराखडा, म्हणजे आपल्या तोंडातला ओडीपी, सुरू झाला. आता नागरिकाला हरकत घेण्याचा हक्क आहे. ही मोठीच गोष्ट! पण आपण हरकत घेतो ती बहुधा आपल्या प्लॉटवरच्या रंगाबद्दल. सांतिनेजच्या नाल्याची हरकत कोण घेणार? मळ्याच्या सखल जमिनीची बाजू कोण मांडणार?

वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव. जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एका वेळी आली की गटाराचे पाणी नदीत जाऊ शकत नाही. मग १८ जून रस्ता आणि मळा तुंबतो. २०१६ साली पणजीची स्मार्ट सिटी योजनेसाठी निवड झाली. पुढे २०२३ साली निम्मे शहर खोदलेले आपण पाहिले. नवी वाहिनी जरूर हवी, पण तिचे तोंड शेवटी त्याच भरतीच्या नदीकडे आहे.

शहराचा मध्यभागही बदलला. विधानसभा आणि सचिवालय नदीपलीकडे पर्वरीला गेले. उद्या आणखी कचेऱ्या जातील. राजधानीचा कारभार हलवता येतो, पण पाणी कुठे हलवणार?

म्हणून पुढचा आराखडा करताना आधी ओहोळ, नाले, खाजने आणि सखल भाग नकाशावर काढावेत. त्यांना हात लावायचा नाही असे ठरवावे आणि मगच उरलेल्या जमिनीला रंग द्यावेत. आपणही आपला प्लॉट शोधण्याआधी जवळचा नाला नकाशात आहे की नाही ते पाहावे. नसेल तर पहिली हरकत तीच नोंदवावी.

फाइलचे कव्हर नवे असू दे. टिपण मात्र मागील पानावरून पुढे चालू राहायला हवे.