दागिन्यातला अनोळखी खडा

नवे रत्न खाणीतच सापडावयाचे, अशी आपली समजूत असते. परंतु १९४५ च्या ऑक्टोबरात डब्लिन शहरी एक सर्वस्वी अज्ञात रत्न सापडले, ते जुन्या दागिन्यांतून उतरविलेल्या खड्यांत. रत्नपारखी रिचर्ड टाफ यांनी फिकट जांभळ्या रंगावरून त्यास प्रथम स्पिनेल मानले. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा प्रत्येक ओरखडा दुहेरी दिसला. स्पिनेलमधून असे कधीच दिसत नाही. टाफ यांनी तो लंडनला अँडरसन या तज्ज्ञाकडे धाडला. तपासणीअंती बेरिलियम, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे अपूर्व खनिज हाती आले. १९५१ साली त्यास ‘टाफाइट’ हे नाव मिळाले. पुढे श्रीलंकेतही असे खडे आढळले. पैलू पाडणाऱ्याच्या हातून तो खडा गेला, दागिन्यात बसला. ओळख मात्र शंका घेणाऱ्यालाच पटली.